सत्त्याऐंशी नंबरची दोन दारं

आमच्या घराला नंबर आहे, हे लग्नानंतर कित्येक वर्षं मला माहीतच नव्हतं. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात नंबर विचारत कुणी येत नाही. रिक्षावाल्याला सासऱ्यांचं नाव सांगितलं की तो दारात आणून सोडायचा, आणि सासरे गेल्यावरही त्यांच्याच नावावर सोडत राहिला. चौकटीवर एक पत्र्याची पाटी होती, तिच्यावर ८७ लिहिलेलं होतं. दर दिवाळीला रंगारी भिंतीबरोबर तिच्यावरूनही ब्रश फिरवायचा, त्यामुळे ती वाचायची तर तिरकं उभं राहावं लागायचं.

मी शाळेत गणित शिकवते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच की या बाईला गणित शिकवायला ठेवलं कुणी. मी स्वतः ते बऱ्याचदा म्हटलेलं आहे.

घराचा नंबर मला कळला तो वाटणीच्या वेळी. घर दोघा भावांचं. थोरले दीर कापडाचे व्यापारी. लूमवाल्यांकडून माल उचलायचा आणि बाहेरगावी पाठवायचा, हा त्यांचा धंदा. धाकटे म्हणजे आमचे हे, सरकारी कचेरीत. दिरांना कापडाच्या गाठी ठेवायला जागा हवी होती आणि ह्यांना शांतता. बसून, चहा पिऊन वाटणी झाली. भांडण झालंच नाही, आणि मला वाटतं तिथेच चुकलं. भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलं असतं. जे झालंच नाही ते मिटवणार कसं? मधल्या खोलीत विटांची भिंत उभी राहिली, रस्त्याकडच्या खिडकीचं दार झालं आणि ते खिडकीचं दार आमच्या वाट्याला आलं. मग नगर निगमचा माणूस येऊन दोन्ही दारांवर रंगाने आकडे लिहून गेला. थोरल्यांचं सत्त्याऐंशी बटे एक, म्हणजे ८७/१, आमचं सत्त्याऐंशी बटे दोन.

भिंतीच्या पलीकडे जे जे गेलं, त्यात माझी पुतणीही गेली.

मला मूल झालं नाही. सरळच सांगते, म्हणजे आडून आडून सांगावं लागत नाही. जाऊबाईंना ही एकच मुलगी. ती झाली तेव्हा जाऊबाई बरेच दिवस अंथरुणाला होत्या. त्यामुळे तिला न्हाऊमाखू मी घातलं, पहिला वरणभात मी भरवला, आणि त्यानंतर ती माझ्याकडून आईकडे परत गेलीच नाही म्हणा ना. झोपायला माझ्या कुशीत यायची. शाळेतून आली की दप्तर आईच्या खोलीत फेकायचं आणि जेवायला माझ्यापुढे बसायचं. जाऊबाई हसायच्या, म्हणायच्या, "तुझीच आहे, घेऊन टाक." तेव्हा आम्हा दोघींचं स्वयंपाकघर एकच होतं आणि अशा गोष्टी हसण्यावारी जायच्या.

वाटणी झाली तेव्हा ती कॉलेजला होती. सुरुवातीला यायची. मग येणं कमी झालं, मग सणावारापुरतं राहिलं, मग गल्लीत समोर आली तर, "काकू, बऱ्या आहात ना?" जिच्या डोक्यातल्या उवा मी मांडीवर घेऊन काढल्या ती मला ख्यालीखुशाली विचारत होती. मी "बरी आहे" म्हणायचे आणि घरात येऊन भांडी आपटायचे.

मला खात्री होती की जाऊबाईंनी तिला अडवलं आहे. उघड नसेल, पण आया कशा अडवतात ते मला माहीत आहे. "जाऊ दे, काकू थकून आली असेल." "रोज रोज काय जायचं." मी भिंतीला कान लावलेला नाही, पण ऐकल्यासारखंच होतं. मला बाकी काही नको होतं. जास्तीची जागा नको, थोरलं दार नको, खिडकीच्या दाराने माझं चालत होतं. मला ती पोर परत हवी होती, बस्स.

अशात शाळेचा रबरी शिक्का झिजला. नवीन करून घ्यायला मी शनवारा भागात गेले. तिथे शिक्के, नेमप्लेट आणि बक्षिसाच्या ट्रॉफ्या करणारं एक बोळकंडीवजा दुकान आहे. दुकानदार पूर्वी एवढंच करायचा. आता काचेवर नवीन अक्षरं आली होती: अंकशास्त्र, घराची एनर्जी, दुकान, गाडी, मोबाइल नंबर. मी ते वाचून नाक मुरडलं आणि शिक्क्याचा मजकूर सांगितला. त्याने पावतीसाठी घरचा पत्ता विचारला. मी सांगितला. त्याने पेन खाली ठेवला.

"बटे दोन?" तो म्हणाला. "केव्हापासून?"

डॉक्टर विचारतात ना, ताप केव्हापासून आहे, अगदी तसं. मी म्हटलं, "वाटणी झाल्यापासून. का?"

"देखो मॅडम, आठ आणि सात पंधरा, त्यात हे दोन, सतरा. एक आणि सात आठ. आठ म्हणजे शनी. आठच्या घरात जे यायचं ते अडून राहतं. वस्तू असो, माणूस असो." त्याने पावतीपुस्तक बाजूला सरकवलं. "तुमच्याकडे कुणी येणारं येत नाही, असं काही आहे का?"

आता हे त्याने कुणालाही विचारलं असतं आणि कुणीही हो म्हटलं असतं. बुऱ्हाणपुरात असं घर दाखवा जिथे येणारं सगळं वेळेवर येतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी मान डोलावली. आणि सतरा म्हणजे एक आणि सात नव्हे, एक दशक आणि सात एकक, हे मी वर्गात घसा फोडून शिकवते. त्या माणसाने माझ्यासमोर दशकाचं एकक केलं आणि मी काउंटरवर हात ठेवून ऐकत राहिले. वर मीच त्याला विचारलं, "आणि बटे एक असेल तर?"

"सोळा. एक आणि सहा सात. केतू. एकटेपणा."

पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मग लक्षात आलं, सातच्या घरात तर माझी पोर बसली आहे, आणि जीव घाबरा झाला. त्याला विचारलं, काही उपाय? त्याने सांगितलं, बटा काढून टाका. निगमने लिहिलेलं पुसा आणि नुसतं ८७ लावा. पंधरा, एक आणि पाच सहा. सहा म्हणजे शुक्र, म्हणजे घर, माया, लेकरं. "सहाच्या घरात मुलं परत येतात, मॅडम." पाटी पितळी हवी, काळ्या पट्टीवर. ती तोच करून देणार होता. दर शुक्रवारी उंबरा मिठाच्या पाण्याने पुसायचा, हे वरचं पथ्य.

मी पाटी सांगून आले. शिक्का सांगायचा राहिला, त्यासाठी पुन्हा जावं लागलं.

"अगं, पण वीजबिलावर बटे दोनच येणार," हे म्हणाले. मी म्हटलं, "वीजबिलाने कुठे आपल्या घरी यायचंय?" म्हटल्यावर मलाच कळेना मी काय बोलले. ह्यांनाही कळलं नसावं, पण त्यांनी शेजारून ड्रिल आणलं आणि पाटी लावून दिली, थोडी वाकडी. मी उंबरा पुसला. त्याच आठवड्यात पुतणी गल्लीतून जाताना थांबली आणि म्हणाली, "काकू, नवी पाटी? मस्त दिसते." आणि हसली. मी त्या दिवशी शाळेत मुलांना चुकीच्या उत्तरांनाही बरोबरची खूण देत होते. शुक्राने काम सुरू केलं, असं माझं मत झालं. दुसरं मन म्हणत होतं, पाटी नवीन असली की कुणीही थांबून बघतं. दोन्ही मनं एकाच डोक्यात बसून वाद घालत होती आणि मी कुणाच्याच बाजूने नव्हते.

मग एक दिवस शाळेतून आले आणि गल्लीच्या तोंडाशीच पाय थबकले. थोरल्या दारावर पाटी. पितळी, काळ्या पट्टीवर, ८७. तीच अक्षरं, तेच स्क्रू. फक्त सरळ लावलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, पोर घेतली ती घेतली, आता माझा शुक्रही पाहिजे? उंबऱ्यावर उभी राहून मी ह्यांना, म्हणजे खरं तर भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "लोकांना स्वतःचं म्हणून काही सुचतच नाही." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तेही मला उत्तरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तडक दुकानात. "तुम्ही माझ्या जाऊबाईंना माझाच नंबर दिलात?"

त्याने डोळे मोठे केले. "त्या तुमच्या जाऊबाई आहेत?" त्याला खरंच माहीत नव्हतं की तो नाटक करत होता, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. "त्यांनी बटे एक सांगितलं. उपाय तोच आहे, मी काय करू? मॅडम, मी पेशंट बघतो, खानदान नाही बघत."

"त्यांनी काय मागितलं?"

"ते नाही सांगणार. वकिलाचं आणि आमचं सारखंच असतं."

"मग आता एनर्जी कुणाच्या घरात जाईल?" हे मी विचारलं. मी. नळाने टाकी किती वेळात भरेल ते फळ्यावर शिकवणारी बाई.

त्याने छताकडे बघून विचार केला आणि म्हणाला, "जिची पाटी वर, तिच्याकडे आधी."

मी पाटी वर घेतली. चार दिवसांत जाऊबाईंनी वर घेतली, म्हणजे त्याही विचारून आल्या होत्या. मी आणखी वर घेतली. हे स्टुलावर उभे राहून म्हणाले, "आता याच्या वर पारवे बसतात, तिथे लावू का?" मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. आमची पाटी अखेर छज्ज्याच्या खाली जाऊन टेकली, त्यांचीही त्यांच्या छज्ज्याखाली, आणि छज्जा दोघींचा एकच होता, पूर्वीच्या घराचा. त्यामुळे कुणाची वर आणि कुणाची खाली हे ठरेना. गल्लीतल्या बायका येता-जाता मान वर करून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून पुढे जायच्या.

घोटाळा असा झाला की पोस्टमन जुना असल्याने चुकत नव्हता, पण कुरिअरची पोरं नवी. एका दुपारी पुतणीचं पार्सल माझ्याकडे आलं. मी सही करून घेतलं आणि मनातून इतकी हरखले की काय सांगू. आता ती येणार. मी पार्सल टीपॉयवर ठेवलं, जरा मध्ये, दिसेल असं. शेव-चिवडा काढून ठेवला. फॅनखालची खुर्ची मोकळी केली. साडी बदलू का, असंही मनात आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. तासाभराने दार वाजलं. दारात तोच कुरिअरवाला. "मॅडम, ते पार्सल बाजूच्या दारात द्यायचं होतं. दीदीचा फोन आला." तो गाडी वळवून परत आला होता, माझ्या दारातून उचलून शेजारच्या दारात ठेवायला. मी पार्सल त्याच्या हातात दिलं आणि तो माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या दाराची बेल वाजवून उभा राहिला. आतून तिचा आवाज आला, "थँक यू भैया." मी चिवडा परत डब्यात भरला. जाऊबाईंनीच सांगितलं असणार, असं मी स्वतःला समजावलं, फोन कर पण तिकडे जाऊ नकोस. त्यांच्यावर राग आला की माझं बरं चालायचं. नुसतं वाईट वाटत राहिलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

असं असताना तो रविवार आला. हे माझ्या माहेरी तुकईथडला गेले होते, माझ्या भावाच्या केळीच्या बागेत पाइप बसवायला. ह्यांना शेतातलं काही कळत नाही आणि अशा कामांना जायची हौस फार. मी दार उघडं टाकून पेपर तपासत बसले होते. दारात चौघं येऊन उभी राहिली. माझ्या वयाच्या एक बाई, त्यांचे यजमान, आणखी एक वयस्क बाई, आणि मागे इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण.

"सत्त्याऐंशी नंबर हाच ना?" बाईंनी वर पाटीकडे बघत विचारलं आणि आमचं आडनाव घेतलं.

"हाच," मी म्हटलं. खोटं नव्हतं. आडनावही दोन्ही दारांचं एकच.

ते आत येऊन बसले. रावेरहून आले होते. गाडी गल्लीत शिरेना म्हणून मोठ्या रस्त्याला लावली होती. "भाऊसाहेब म्हणाले होते चौकात उभे राहतो, पण आम्ही दुसऱ्याच रस्त्याने शिरलो," यजमान म्हणाले. "म्हटलं नंबर तर आहे, सापडेल." मला वाटलं ह्यांच्या कचेरीतलं कुणी असेल, नाहीतर माहेरच्या ओळखीचं. बुऱ्हाणपुरात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग तो कोण ते विचारायचं. मी पाणी दिलं. चौघांनी ग्लास उचलले, प्यायले.

"मुलगी तयार होतेय वाटतं," बाई म्हणाल्या. "होऊ द्या सावकाश. आमच्याकडेही मुली आहेत, मला माहीत आहे. तुम्ही तिच्या आई ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे पुतणीला बघायला आले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका विटेच्या जाडीवर माझी पोर दाखवायला नटत होती आणि मी इथे सहावीचे पेपर तपासत होते.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "बसा, आलेच," म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. त्या बाईंनी मला आई म्हटलं होतं आणि ते मला इतकं गोड लागलं होतं की दुरुस्त करायला जीभ उचलेना. वाटलं, राहू द्यावं असंच आणखी थोडा वेळ. रागही येत होता, रडूही येत होतं, आणि त्यात पोहे करायला घरात कांदा आहे का हेही मी बघत होते. मग वाटलं, पलीकडे ती तयार होऊन बसली असेल आणि तिला वाटत असेल पाहुणे आलेच नाहीत. त्याबरोबर मी पायात चप्पल न घालता बाहेर पडले आणि थोरल्या दाराची कडी वाजवली.

जाऊबाईंनी दार उघडलं. नवी साडी, केस अर्धे विंचरलेले, आतून पोह्यांचा वास.

"पाहुणे आलेत," मी म्हटलं.

"कुठे? हे तर चौकात उभे आहेत केव्हाचे."

"माझ्याकडे बसलेत."

त्यांचा चेहरा उतरला. "तू काय सांगितलं त्यांना?"

"काही नाही. पाणी दिलं."

"पाणी दिलं?" म्हणत त्या तिथेच पाटावर बसल्या.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्यात मुलगी बघायला आलेला पाहुणा एकदा टेकला आणि पाणी प्याला की त्याला उठवून दुसऱ्या दारात नेत नाहीत. मुलगी बघण्याआधी तो उंबरा ओलांडून बाहेर पडला तर ते स्थळही बाहेर पडलं असं धरतात. सासूबाई याबाबतीत फार कडक होत्या आणि आम्हा दोघींच्याही हाडात ते मुरवून गेल्या होत्या. त्यामुळे आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना एकदमच कळलं की आता दुसरा मार्ग नाही.

"मंग पोहे तिकडेच आणावे लागतील," जाऊबाई म्हणाल्या.

"आणा. कपबश्या माझ्याकडे आहेत."

अशी आमची वरात निघाली. पुढे मी दराब्याच्या मिठाईची ताटली घेऊन, मागे जाऊबाई पदराखाली पोह्यांचं पातेलं घेऊन, आणि त्यांच्या मागे निऱ्या उचलून धरलेली आमची पोर. एका दारातून निघून शेजारच्या दारात शिरायचं, एवढाच प्रवास, पण सगळी गल्ली बघत होती. पोर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, ये क्या चल रहा है?" मी म्हटलं, "मला नको विचारू."

बघणं नीट पार पडलं. पोर धीटपणे बोलली. मुलगा नाशिकला नोकरीला, तो कमी बोलला. बाई मात्र जरा गोंधळल्या होत्या, माझ्याकडे आणि जाऊबाईंकडे आळीपाळीने बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "यात आई कोण मग?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या. पोह्यांच्या बशीत लिंबाची फोड ठेवत त्या पुढे म्हणाल्या, "वाढवली हिने."

मला भरून आलं. आणि त्याच वेळी असा संताप आला की हे इतकंच वाक्य इतके दिवस कुठे ठेवलं होतं या बाईने. रावेरच्या अनोळखी बाईला सांगता येतं आणि मला नाही. दीर घामाघूम होऊन चौकातून परत आले, आधी आपल्या दारात शिरले, मग बाहेर येऊन आमच्या दारात डोकावले, आणि आतलं दृश्य बघून काही न विचारता खुर्ची ओढून बसले. पाहुणे खूष दिसत होते. कळवतो म्हणाले. दीर त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले.

खोलीत आम्ही तिघी राहिलो. पोर दिवाणावर बसून कानातले काढत होती. जाऊबाई बश्या गोळा करता करता म्हणाल्या, "तू ती पाटी कशाला लावली होती?"

"तुम्ही कशाला लावली?"

"मी आधी विचारलं."

"हिच्यासाठी," मी म्हटलं. "तुम्ही पाठवत नव्हता म्हणून."

जाऊबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. "मी पाठवत नव्हते? मी? अगं, मी तर समजून राहिले होते की हिचं सगळं मन तुझ्याकडेच आहे. घरात दार लावून बसते. धड बोलत नाही. ताट घेऊन खोलीत जाते. म्हटलं काकूकडे जायचं असेल, आईला बोलायची चोरी वाटत असेल. त्या शिक्केवाल्याला मी हेच म्हटलं, पोरीचं मन माझ्याच घरात राहील असं काहीतरी करून दे बाबा."

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. दोघींनी एकाच माणसाकडे जाऊन एकाच पोरीसाठी एकच आकडा आणला होता, आणि दोघींना वाटत होतं ती दुसरीच्या ताब्यात आहे. मग ती होती कुणाकडे? मी तिच्याकडे वळले. "तुला आईने अडवलं होतं का गं?"

"काकू काही बोलली होती का तुला?" जाऊबाईंनीही त्याच वेळी विचारलं.

पोर आमच्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळत नव्हतं आम्ही काय विचारतो आहोत. "नहीं तो," ती म्हणाली. "कोणीच नाही अडवलं."

"मग?"

"मग काही नाही. बस्स, राहून गेलं." तिने कानातलं तळहातावर घेतलं. "कोचिंग होतं, मग पेपर, मग... पता नहीं काकू. रोज वाटायचं उद्या जाईन." ती हे मायेने बोलली, कुणाला लागावं म्हणून नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्क्रीनकडे बघून ती अशी हसली की तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. जाऊबाईंकडे बघितलं तर त्यांनीही पाहिलेलं दिसत नव्हतं. "मी चेंज करून येते," म्हणत ती फोन कानाला लावून बाहेर गेली.

जाऊबाईंच्या डोळ्यांना धार लागली. माझ्या नाही लागली. मला त्यांच्यावर रागवायची इतकी सवय झाली होती की आता समोर राग धरायला कुणीच उरलं नाही, हेच मला सहन होईना. भिंतीवर रागावता येतं, जावेवर येतं, शनीवरही येतं. राहून गेलं, याच्यावर कसं रागवायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"येते म्हणाली ना?" मी विचारलं.

"म्हणाली तर," जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मी तिघींचा चहा टाकला. आम्ही दोघी दाराकडे तोंड करून बसलो, चहा गाळून ठेवला, त्यावर बशी झाकली. मग केव्हातरी जाऊबाईंनी ती बशी काढली आणि तिचा तो चहा आम्ही दोघींनी अर्धा अर्धा घेतला.